आगमनकाळात आपल्या मंडळीतल्या होऊन गेलेल्या माणसांची आठवण कशी करायची?

घंटेची_दोरी (बेळगाव)

सगळ्यांना जय ख्रिस्त. थोडं लांब होणार आहे पण पूर्ण वाचा अशी विनंती.

आमचं चर्च बेळगावातलं जुनं, प्रॉटेस्टंट, भक्ती मराठीतून, महिन्यातून एकदा कन्नडमधून. आगमनकाळ म्हणजे नाताळची वाट बघायचे आधीचे चार रविवार, यंदा त्यातला पहिला ३० नोव्हेंबरला येतोय, मग ७, १४, २१ डिसेंबर आणि गुरुवारी नाताळ. कमिटीत ठरलंय की या चार रविवारी मंडळीतल्या होऊन गेलेल्या माणसांची आठवण करायची. काम मी मागून घेतलं. माझे वडील गेल्या पावसाळ्यात प्रभूघरी गेले, चर्चची घंटा तेच वाजवायचे, मी शाळेत होतो तेव्हापासून ते पार त्यांचे गुडघे जाईपर्यंत. त्यांची एक पद्धत होती, आधी तीन सुटे टोल, मग बराच वेळ थांबायचं आणि मग सलग. आता दुसरं कोणीतरी वाजवतं, सलगच वाजवतं, त्यांची काही चूक नाही, पण दर रविवारी तो थांबा आला नाही की मला कसंतरीच होतं.

तर कमिटीचं म्हणणं असं की रजिस्टरातून नावं काढा, भक्तीत वाचा, मेणबत्ती लावा, दोन मिनिटं शांत उभं राहू, झालं. मी लोखंडी कपाटातून मयत रजिस्टर बाहेर काढलं. कापडी बांधणीचं, पाठीवर वाळवीनं खाल्लेलं, आत टाकानं लिहिलेलं, काही पानं मराठीत, काही इंग्रजीत, शेवटची काही कन्नडमध्ये. रकाने ठरलेले, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, कारण, कोणी विधी केला. ऑक्टोबर १९१८ च्या नोंदी एका पानात मावल्या नाहीत, तो इन्फ्लुएंझाचा महिना, कारणाच्या रकान्यात एकदा 'ताप' लिहिलंय आणि खाली नुसत्या आडव्या रेघा ओढल्यात. एका जागी 'बाळ, वय ३ दिवस', नाव नाही. आणि बायकांची नावं जवळजवळ नाहीतच. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच.

रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. मग वाटलं हे असं वाचून दाखवून काय होणार? समोर बसलेली पोरं यातल्या कुणालाच ओळखत नाहीत, निम्म्या पोरांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, ती कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमची. जुन्या घरांतले लोक पुण्या-मुंबईला, गोव्याला गेले. नावांची यादी वाचली तर हजेरी घेतल्यासारखं वाटेल अशी भीती वाटते. दुसरं म्हणजे मंडळीतले एक मोठे काका सरळ म्हणाले, मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात नाही, हे कॅथलिकांचं आपण कशाला करायचं. त्यांना काय सांगू?

तुमच्याकडं कोणी असं केलंय का? कसं केलं? मनापासून विचारतोय.

---

खानापूरची_लेक

आम्ही कॅथलिक, मूळ घराणं गोव्याकडचं, चार पिढ्या खानापूर तालुक्यात, घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि कन्नडही. तर आमच्याकडचं सांगते, तुमच्या काकांनाही वाचून दाखवा.

आमच्यात मयतांसाठी नोव्हेंबर महिना आहे. २ नोव्हेंबरला सिमेट्रीत मिसा, आदल्या दिवशी सगळे जाऊन गवत काढतात, कबरी धुतात, चुना लावतात, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, फादर पाणी शिंपडत फिरतात. महिनाभर नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या वेदीजवळ असतात. आणि आगमनकाळ सुरू झाला की रंगच बदलतो. फादरांचा झगा जांभळा, तिसऱ्या रविवारी गुलाबी, रविवारच्या मिसात ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्री म्हणतात आणि तेव्हा सगळ्या घंटा वाजवतात. लहानपणी मला वाटायचं ग्लोरिया कुठं गेलं असेल इतके दिवस? म्हणजे आगमनकाळ हा रडायचा काळ नाही, वाट बघायचा आहे. तुम्ही जर चारही रविवार मयतांच्या नावानं शोक केला तर त्या काळाची चवच जाईल. माझं मत आहे, राग मानू नका.

पण एक गोष्ट मात्र आमच्याकडं आगमनात होते. १७ डिसेंबरला मिसात मत्तयचा पहिला अध्याय वाचतात, ती येशूची वंशावळ. नावं, नावं आणि नावं. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, मग बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, मग ख्रिस्तापर्यंत चौदा. आमचे एक म्हातारे फादर होते (आता नाहीत) ते ही वंशावळ इतकी सावकाश वाचायचे की बायका कुजबुजायच्या. एकदा मी धीर करून विचारलं तर म्हणाले, अगं ही सगळी वाट बघून गेलेली माणसं आहेत, त्यांना घाईत कसं उरकू.

आणि तुम्ही ते 'अमक्याची बायको' लिहिलंत ना, ते वाचून मी उठून बायबल काढलं. वंशावळीत मरियेसकट पाच बायका आहेत. तामार, राहाब, रूथ यांची नावं दिलीत. चौथीचं नावच नाही, 'उरीयाच्या बायकोपासून' एवढंच लिहिलंय! बथशेबा होती ती. म्हणजे तुमच्या रजिस्टरात जे झालं ते शुभवर्तमानातही झालंय. तेव्हा यादी वाचाच, पण आधी त्या बायकांची नावं शोधा. बाप्तिस्मा रजिस्टरात आईचं नाव सापडतं बघा, लग्नाच्या रजिस्टरात तर नक्कीच. तिन्ही शेजारी ठेवून जुळवायला लागतील, वेळखाऊ काम आहे, पण करा ओ.

---

निपाणीचा_दादा

जय ख्रिस्त दादा. आमची मंडळी आता लई लहान राहिलीय, रविवारी मोजून आठ-दहा घरं येतात. पण आठवण म्हटलं की मला माणूस आधी आठवत नाही, त्याचं काम आठवतं. सांगतो.

आमच्याकडं एक मामा होते, तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, शिक्षण काही नाही. पण आगमनाचा पहिला रविवार झाला की संध्याकाळी त्यांच्या दारात आम्ही सगळी पोरं गोळा व्हायचो चांदणी करायला. आता बाजारात प्लास्टिकची मिळते, आत बल्ब लावला की झालं, पण ती चांदणी वेगळी. बांबूच्या कामट्या तासून दहा सारख्या काढायच्या. पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, मग दोन्ही एकमेकींवर ठेवून पाची टोकं सुतळीनं आवळायची. आता ती चपटीच असते. मग आतल्या पाच कोपऱ्यांत वीतभर काड्या उभ्या अडकवायच्या, की ती फुगते. ती फुगायची वेळ आली की मामा आम्हाला गप्प बसवायचे, कारण एक कामटी तडकली तर सगळं सोडून परत बांधायला लागायचं. पतंगाचा कागद, पांढरा आणि लाल. मैद्याची खळ शिजवायची आणि त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर उंदरं कागद खातात. खळीच्या त्या वासालाच मी आजही नाताळ म्हणतो.

मामा गेले तेव्हा रजिस्टरात काय लिहिलं असेल? नाव, वय, कारण. चांदणीचं कोण लिहिणार?

म्हणून माझं सांगणं, नाव वाचताना त्या माणसाचं एक काम सांगा, एकच, एका वाक्यात. 'हे पेटी वाजवायचे आणि भाता फाटला तर स्वतः शिवायचे.' 'ह्या भक्तीच्या आधी जाजम झाडायच्या.' पोरांच्या ध्यानात तेच राहतंय. आणि जमलं तर ते काम त्या आठवड्यात कुणीतरी करून दाखवायचं.

अजून एक. फक्त पाळकसाहेब, शाळेचे हेडमास्तर, डॉक्टर असल्या मोठ्या लोकांचीच आठवण करू नका. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावच्या विहिरीवर त्यांचं पाणी बंद झालं, पणजी दोन कोस लांबून ओढ्याचं पाणी आणायची, असं आजी सांगायची. तसल्या माणसांनी हे चर्च उभं केलंय. त्यांचे फोटोपण नाहीत.

---

हुबळीकर_मास्तर

मूळचा बेळगावचा, नोकरी हुबळीत. तुमच्या काकांच्या शंकेबद्दल लिहितो कारण माझ्या घरी हाच वाद झालाय.

मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं वेगळं आणि मेलेल्यांबद्दल देवाचे उपकार मानणं वेगळं. पहिलं प्रॉटेस्टंट सहसा करत नाहीत, बरोबर आहे. दुसरं तर पहिल्यापासून करतात. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आगमनाच्या आदल्या रविवारी त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचतात, प्रशियाच्या राजानं १८१६ साली तो रविवार नेमून दिला. म्हणजे हे कॅथलिकांकडून उसनं आणलेलं नाही. मेथडिस्ट असाल तर जॉन वेस्ली यांना सर्व संतांचा दिवस फार आवडायचा, त्यांच्या रोजनिशीत तसं आहे. आणि दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण पवित्र जनांच्या सहभागितेवर विश्वास आहे असं म्हणतोच की! इब्रीकरांस पत्राचा अकरावा अध्याय काढा, हाबेलापासून एकेकाचं नाव घेऊन त्यानं विश्वासानं काय केलं ते सांगितलंय (निपाणीच्या दादांनी सांगितलेली पद्धत तीच आहे, बघा), आणि बाराव्याच्या सुरुवातीला 'साक्षीरूपी मेघ' येतो. काकांना हे दोन अध्याय वाचायला द्या आणि त्यांच्याकडूनच पहिल्या रविवारी वाचून घ्या. वाद घालू नका. जो अडवतो त्याच्या हातात शास्त्र दिलं की तो आपल्यात येतो, हा माझा अनुभव.

रजिस्टराबद्दल पोटतिडकीनं सांगतो. त्याला लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी ती पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, एकेका पानाचा मोबाईलनं फोटो काढा, मग सुती कापडात बांधून ठेवा. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर पुढं ओढा, बेळगावचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू.

आणि जुनी नोंद इथं नसली म्हणजे ती संपली असं समजू नका. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडं आलं. लंडन मिशनची पत्रं आणि रिपोर्ट लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेच्या लायब्ररीत आहेत, अमेरिकन मेथडिस्टांचे कागद न्यू जर्सीत ड्रू विद्यापीठाच्या आवारात. ईमेल केला तर उत्तर देतात. त्या रिपोर्टांत आपल्या माणसांची नावं कमी आणि साहेबांची जास्त असतात, हे आधीच सांगतो, पण कधीकधी एखाद्या बायबल बाईचं (घरोघर जाऊन बायबल शिकवणारीचं) नाव गावासकट सापडून जातं.

---

कॅम्पातली_मावशी (आता पुणे)

अरे बाळा, मी तुझ्याच चर्चची आहे बहुतेक. तीन टोल आणि मग थांबा म्हणालास आणि माझ्या अंगावर काटा आला. वय ७४, टायपिंग नातीकडून करून घेतेय, चुकलं तर सांभाळून घे.

तो थांबा का होता तुला माहीत आहे का? वडिलांनी सांगितलं नसणार, ते कमी बोलायचे. घंटेच्या दोरीपाशी उभं राहिलं की फाटकाबाहेरची गल्ली पार टोकापर्यंत दिसते. त्या टोकाला एक आजी राहायच्या, जुन्या मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई, एका पायानं अधू. पहिले तीन टोल म्हणजे त्यांना निरोप. त्या काठी घेऊन निघायच्या. वडील दोरी धरून उभे, गल्लीकडं नजर. आजी फाटकातून आत आल्या की मग सलग घंटा. आम्ही कॉलेजच्या पोरी त्या थांब्यात धावत यायचो, म्हणायचो आजींमुळं आपल्यालाही उशीर माफ. आजी गेल्या तरी तुझ्या वडिलांनी थांबा काही बंद केला नाही. मी लग्न होऊन पुण्याला आले, माहेरपणाला गेले की ऐकायची.

आता तुझ्या प्रश्नाचं. म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन 'जुन्या आठवणी सांगा' असं विचारू नकोस. काही सांगत नाहीत, 'काय सांगू, सगळे चांगले होते' एवढंच म्हणतात. मीही तेच म्हटलं असतं. त्यांना विचार, कोण कुठं बसायचं? बस्स. चर्चच्या आतला नकाशा काढून ने मोठ्या कागदावर, बाकं दाखव, आणि बोट ठेवून विचार इथं कोण. मी आत्ता डोळे मिटून सांगते तुला. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं. पुढची दोन बाकं बोर्डिंगच्या पोरींची. तिसऱ्या बाकावर खिडकीशी नर्सबाई, तिथं ऊन यायचं म्हणून. त्यांच्यामागं शिलाई करणाऱ्या काकू, त्या प्रार्थनेत हुंदके द्यायच्या, त्यांचा मुलगा लढाईत गेला होता. खांबाजवळ पोस्टमन, ड्यूटीवर जायचं असायचं म्हणून कडेला. शेवटच्या बाकावर एक पैलवान, शहापूरचे, ते उंच पट्टीत इतकं बेसूर गायचे की आमच्या पेटीवाल्या मास्तरांनी शेवटी त्यांची पट्टीच धरली. हे मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून पन्नास वर्षं आठवलं नाही, आता लिहिताना सगळे येऊन बसले बघ.

नारायण वामन टिळकांची गीतं आम्ही आगमनात रोज संध्याकाळी एकेका घरी म्हणायचो, पेटी डोक्यावर घेऊन एक पोरगा पुढं, मागं कंदील. ती गीतं तुमची पोरं वाचू शकत नाहीत म्हणतोस तर कन्नड लिपीत छापून दे त्यांना. शब्द मराठीच राहतील, अक्षरं कन्नड. काय बिघडलं? आमच्या आत्याला मराठी अक्षरं येत नव्हती, ती तर सगळी तोंडपाठ म्हणायची. टिळक १९१९ मध्ये गेले, आणि अजून आपण म्हणतोय ते तोंडपाठ करणाऱ्यांमुळंच.

फोन नंबर इथं लिहीत नाही. पण मेसेज कर. नर्सबाईंचं पहिलं नाव मला माहीत आहे.

---

अनगोळचा_पोरगा

मी वयानं लहान आहे, थोडं वेगळं बोलतो, सॉरी. माझी आजी ८१ वर्षांची आहे, दीड वर्ष झालं चर्चला येऊ शकत नाही. कंबरेचं हाड मोडलंय. आधी लोक यायचे भेटायला, आता नाताळात केक द्यायला येतात आणि उभ्या उभ्या जातात. रविवारी सकाळी ती साडी नेसून खुर्चीत बसते. नऊ वाजले की विचारते भक्ती सुरू झाली असेल का रे.

तर गेलेल्यांची आठवण करा, पण जे जिवंत आहेत आणि येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं आधी जा, प्लीज. तो नकाशा घेऊन पहिल्यांदा आजीकडं या. लूकच्या दुसऱ्या अध्यायात हन्ना आहे ना, चौऱ्याऐंशी वर्षांची, मंदिर न सोडणारी, आणि शिमोन. बाळ येईपर्यंत हेच दोघं म्हातारे वाट बघत होते. आजीला ते वाचून दाखवलं तर म्हणाली, तिला निदान मंदिरात तरी जाता येत होतं.

---

खानापूरची_लेक

@अनगोळचा_पोरगा, तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग रे. मी शनिवारी बेळगावात असते, चालणार असेल तर भेटून जाईन, खरंच.

आणि मूळ प्रश्नात एक राहिलं होतं. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, आमच्याकडून लोक चालत जुन्या गोव्याला जातात. माझे बाबा जायचे, चोर्ला घाटातून, पायात साध्या चपला, खांद्यावर चादर. बाबा गेल्यापासून मी जाते. चालताना कुणीतरी सुरुवात करतं, 'हे पाऊल अमक्यासाठी', मग पुढचं पाऊल दुसऱ्या कुणासाठी, नावं घेत घेत उतार कधी संपला कळत नाही. तुमच्यात प्रार्थनेचं वेगळं आहे हे मला कळतं, पण नाव घेत चालणं कुणालाही जमेल असं वाटतं. चर्चपासून सिमेट्रीपर्यंत चाला की एका रविवारी.

---

निपाणीचा_दादा

आगमनकाळात चर्चमध्ये ठेवतात त्या गोल रिंगणाचं आणि चार मेणबत्त्यांचं कुणी बोललंच नाही. ते आपलं जुनं नाही, पण त्याची गोष्ट मला आवडते. हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न म्हणून होते, गरीब पोरांसाठी आश्रम चालवायचे, पोरं रोज विचारायची नाताळ किती दिवसांवर आला. म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोजची लहान, रविवारची मोठी. गाडीचं चाक! आपल्याकडं दुकानातून प्लास्टिकच्या पानांचं रिंगण विकत आणतात. आमच्या गावात बैलगाडीची चाकं पडून आहेत, धाव गंजलेली पण आरे शाबूत. पाहिजे असेल तर एक टेम्पोत घालून पाठवतो, पैसे नकोत.

---

घंटेची_दोरी (बेळगाव)

सगळ्यांचे उपकार. उशिरा लिहितोय, आज १ डिसेंबर, काल पहिला रविवार झाला.

मावशी, तुमचा मेसेज वाचला तेव्हा मी ऑफिसात होतो, जिना उतरून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसलो. चाळीस वर्षांत वडिलांनी घरी एकदाही सांगितलं नाही. आईला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं, म्हणाली मी तर म्हणायचे दोरी नीट ओढा, मध्येच काय थांबता.

काय काय झालं ते सांगतो. नकाशा चार्ट पेपरवर काढला आणि पहिल्यांदा अनगोळला आजींकडं गेलो. एक तास म्हणून गेलो, साडेतीन तास बसलो. बावीस जागा भरल्या त्यांनी. मावशींनी सांगितलेल्या आठांपैकी सात जुळल्या, पोस्टमन मात्र आजींच्या मते खांबाच्या पलीकडं बसायचे. दोन्ही लिहून ठेवलंय. मग अजून पाच घरं केली. रजिस्टरं तिन्ही शेजारी ठेवून एकतीस बायकांपैकी एकोणीस जणींची नावं सापडली. बारा जणींची नाही. त्या बाळाचं तर नाहीच सापडलं, बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलं असणार.

काल भक्तीत यादी वाचली नाही. इब्रीकरांस अकरावा काकांनीच वाचला (मास्तर, तुमची युक्ती लागू पडली, त्यांनी दोन दिवस घरी वाचून सराव केला होता असं काकू म्हणाल्या). मग संडे स्कूलची पोरं एकेका बाकापाशी जाऊन उभी राहिली आणि तिथं कोण बसायचं ते नाव आणि एक काम सांगितलं. कन्नड लिपीत लिहून घेतलेलं, मराठीत बोलले. पैलवानांच्या बेसूर गाण्याला लोक हसले, आणि त्याच बाकावरून कोणीतरी रडतंय असं ऐकू आलं, बघतो तर त्यांची नात, मी इतकी वर्षं ओळखतो, पण ती त्यांची नात हे माहीत नव्हतं. ज्यांची नावं सापडली नाहीत त्यांच्या जागी पोरांनी काही न बोलता दिवा ठेवला. आजींना आम्ही फोनवर व्हिडिओ लावून दिला होता. नर्सबाईंचं नाव आलं तेव्हा त्यांनी तिकडून जोरात 'हां' म्हटलेलं सगळ्या चर्चला ऐकू आलं.

घंटेचं. हल्ली जो मुलगा वाजवतो त्याला मी शनिवारी गल्ली दाखवली. फार काही बोललो नाही, इथं उभं राहिलं की तिथपर्यंत दिसतं एवढंच. काल त्यानं तीन टोल दिले आणि थांबला. किती वेळ थांबायचं हे त्याला माहीत नव्हतं, बिचारा माझ्याकडं बघत होता. अनगोळच्या रस्त्यानं एक रिक्षा येऊन फाटकाशी थांबली, त्यातून कोणीतरी उशीर झालेलं कुटुंब उतरलं, लहान पोर कडेवर. ते आत आल्यावर मी मान हलवली.

दादा, चाक पाठवू नका, मीच येतो शनिवारी न्यायला. कामट्या इथून आणू का तिथं मिळतील? पाच-सहा पोरं बरोबर असतील, त्यांना चांदणी शिकायची आहे. मोरचूद कुठल्या दुकानात मागायचं तेवढं सांगा.

---

निपाणीचा_दादा

या की ओ. कामट्या हितं आहेत, तासून ठेवतो, पण दहा नको, पंचवीस-तीस लागतील, पोरं मोडतात. मोरचूद शेतीच्या औषधाच्या दुकानात मिळतंय, पन्नास ग्रॅम रग्गड झालं, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. जेवायला हितंच.

---

कॅम्पातली_मावशी (आता पुणे)

पोस्टमन खांबाच्या अलीकडंच बसायचे. आजींना सांग, नाताळात मी येतेय बेळगावला, समोरासमोर बसून ठरवू.